ठोकळ्यांवर आलेली गाडी

गेरोल्डची गाडी साठ वर्षांची होती. काळी, लांबलचक, एकेकाळी बड्या लोकांनी मिरवलेली. तिला पोलादी स्प्रिंगा नव्हत्या. चाकांवर हवेने फुगलेल्या रबरी पिशव्या होत्या, त्यामुळे ती चालायची नाही, तरंगायची. पण आता रबर म्हातारं झालं होतं. रात्रभरात हवा निसटायची आणि सकाळी बघावं तर गाडी मागून बसकण मारलेल्या गाईसारखी जमिनीला टेकलेली.

ही गाडी त्याने आणि फोल्कमारने मिळून घेतली होती, दोघं रॉयटलिंगेन गावातल्या एकाच शाळेत शिकवत असताना. पुढे फोल्कमार बोडन सरोवराकाठी राहायला गेला आणि गाडी गेरोल्डकडे राहिली. आता फोल्कमार तिथल्याच एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटचे दिवस मोजणाऱ्यांच्या शुश्रूषागृहात होता. दुखणं हाडांत उतरलं होतं, औषधं थांबली होती. उन्हाळ्यात त्याने फोनवर एवढंच मागितलं, "एकदा गाडी घेऊन ये रे. पुढच्या सीटवर बसायचंय."

"आणतो. पिशव्या बदलल्या की लगेच," गेरोल्ड म्हणाला होता.

नव्या पिशव्या लवकर मिळेनात. मिळाल्या त्या मापाला बसेनात. सफरचंदं उतरवून झाली, ऑक्टोबर लागला.

एका सकाळी त्याची बायको इर्मट्राउट कॉफीचा कप घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली. "झाली का तुझी नवरी तयार?"

"मागून गळतेय अजून."

"आणि ते डिकीत ठोकळे पडलेत, ते काय शोभेला?"

ते कठीण रबराचे ठोकळे होते. हवा गेली की गाडी जॅकवर उचलायची, चाकाचा दांडा आणि गाडीचं धूड यांच्यामध्ये ते बसवायचे आणि हळूहळू घर गाठायचं.

"ते अडचणीसाठी असतात गं. गाडी दगडासारखी आदळते."

"मग ही अडचण नाही तर काय सण आहे?" ती म्हणाली आणि कप तिथेच ठेवून आत गेली.

तो बराच वेळ गाडीकडे बघत राहिला. मग त्याने जॅक काढला.

आल्बचा डोंगर उतरताना रस्त्याचा एकेक सांधा त्याच्या मणक्यात वाजत होता. जिच्यात कॉफीचा पेला डुचमळत नसे, ती गाडी आता खडखडत होती. इतक्या वर्षांत आपण हा रस्ता स्वतःला कधी जाणवूच दिला नव्हता, असं त्याच्या मनात आलं.

हॉस्पिसच्या नर्सने फोल्कमारला चाकांच्या खुर्चीतून बाहेर आणलं. त्याचा जुना कोट त्याच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. गेरोल्ड पटकन वाकून गाडीची चाकं न्याहाळू लागला.

"मागून उंच का रे दिसतेय?" फोल्कमारने विचारलं.

"ठोकळे घातलेत."

फोल्कमार खोकला येईपर्यंत हसला. "म्हणजे हीसुद्धा काठी टेकत आली! म्हणून आला नाहीस होय इतके दिवस?"

"सरळ उभी राहत नव्हती."

"अरे गाढवा, मी तरी कुठे राहतोय?"

गेरोल्डने मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदाच तो मित्राच्या चेहऱ्याकडे नीट बघत होता. गालफडं बसलेली, डोळे मात्र तेच, वात्रट. "मला भीती वाटत होती," तो म्हणाला.

"माहितीये. चल, बसव मला."

गेरोल्ड आणि नर्सने मिळून त्याला पुढच्या सीटवर बसवलं. गेरोल्ड म्हणाला, "इथेच बसू या. चालवली तर आदळेल."

"सगळे मला कापसात गुंडाळून ठेवतायत. तू तरी चालव."

गेरोल्डने नर्सकडे पाहिलं. तिने हलकेच मान डोलावली.

फरसबंदीवरून तो पायी चालण्याच्या वेगाने गाडी नेऊ लागला. पहिल्याच धक्क्याला फोल्कमारने दाराचा पट्टा घट्ट पकडला, ओठ पांढरे पडले. गेरोल्डने ब्रेक दाबला.

"थांबलास का?"

"दुखतंय तुला."

"खोलीतही दुखतंच. इथे निदान पाणी दिसतंय. चल पुढे."

घाटावर पोचल्यावर गेरोल्डने इंजिन बंद केलं. सरोवरावर धुकं होतं, एक बोट पलीकडच्या काठावरच्या कोन्स्टान्झच्या दिशेला चालली होती. मग गेरोल्डने विचारलं, "रात्री कशा जातात रे?"

फोल्कमार सांगत राहिला. दिवा चालू ठेवावा लागतो, मेलेली बायको आठवते, तिचा आवाज मात्र आठवत नाही. गेरोल्डच्या तोंडाशी दोनदा काहीतरी उपाय आला, दोनदा त्याने तो गिळला. करण्यासारखं काही नव्हतं. तो ऐकत राहिला.

परतल्यावर आत नेताना फोल्कमारने विचारलं, "पुन्हा कधी?"

"त्या पिशव्या बद..." गेरोल्डने जीभ चावली. "मंगळवारी. ट्रेनने येतो."

मंगळवारी तो इर्मट्राउटने केलेला आलुबुखाराचा केक घेऊन आला. फोल्कमारने घासभर खाल्ला, उरलेला नर्सने. त्यानंतर गेरोल्ड दर आठवड्याला दोनदा जायचा, ट्रेन बदलत, पावसात भिजत. नोव्हेंबरच्या मध्यावर शेवटचा गेला तेव्हा फोल्कमार जागा झालाच नाही. गेरोल्डने खुर्ची पलंगाला लावली, पेपर उघडला आणि फोल्कमार दर वेळी मागायचा ते फुटबॉलचे निकाल हळू आवाजात वाचून दाखवू लागला, खालच्या श्रेणीतल्या संघांचेसुद्धा.