वायर कोण ओढतं?

“ओढ!”

दादाने ब्रेल पट्टीची वायर खसकन ओढली. बहिणीने श्वास रोखून माऊस हलवला. पडद्यावरचा बाण झोकात हलला.

“गोठला?”

“नाही! लाव, परत ओढ!”

इतकी वर्षं वायर निघाली रे निघाली की कॉम्प्युटर ठप्प व्हायचा. दादा अंध. पडद्यावरची अक्षरं ठिपक्यांनी बोटांखाली आणणारी ही पट्टी बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. कॉम्प्युटरला पट्टी ओळखता यावी म्हणून बहिणीने कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या पार गाभ्यात, एक छोटंसं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, लिहून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात कर्नलच्या प्रमुखांचा मेल आला: तुमच्या घराबाहेर हे कुणी वापरतं का? नसेल तर पुढच्या आवृत्तीतून काढतो. तिने जिथे तिथे विचारलं. कुणी हूं की चूं केलं नाही. दादाला सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

आणि आज एका अनोळखी माणसाची ही दुरुस्ती तिच्याकडे तपासायला आली. कोडची एकच ओळ, खालून वर सरकवलेली. वायर निघाली की तिचं मॉड्यूल आधी पट्टीची मेमरी मोकळी करायचं आणि मग त्या मेमरीत सतत डोकावणारा टायमर थांबवायचं. म्हणजे घर पाडून झाल्यावर आतल्या माणसाला हाक मारायची! तिने कपाळावर हात मारला आणि खो खो हसली. आता टायमर आधी थांबत होता, तोही नुसतं ‘थांब’ सांगून नव्हे, तर तो थांबेपर्यंत वाट पाहून. तिने सासूच्या नजरेने खोट शोधली. सापडली नाही.

पण हा माणूस पट्टी खरंच वापरतो, की नुसता सराव म्हणून दुसऱ्यांचा कोड दुरुस्त करत फिरतो? तिने त्याला लिहिलं: ‘वाचता वाचता वायर निघते कशी?’

उत्तर लगेच आलं. ते पाहून ती खुर्चीतून उठलीच.

“दादा, हे तूच वाच!”

दादाने वायर लावली आणि त्याची बोटं ठिपक्यांवरून धावली. ‘माझी मुलगी ओढते. म्हणते, बाबा, वाचून नको, मनाने सांग गोष्ट. कॉम्प्युटर बंद पडतो आणि तिचंच खरं होतं.’ बोटं थांबली, पुन्हा सुरुवातीला गेली.

“हा पट्टीवर वाचतो? आपल्याच पट्टीवर?”

“आपल्याच रे!”

 दादाने वायर ओढली, लावली, पुन्हा ओढली.

“दुरुस्तीखाली माझं नाव घाल, तपासणारा म्हणून. आणि त्या प्रमुखांना कळव, घराबाहेर वापरणारा सापडला. आठवडाभर तुझा पडलेला आवाज ऐकवत नव्हता.”

“तुला माहीत होतं?”

“सगळ्या जगाला विचारत सुटलीस. त्यात आमचा अंधांचा ग्रुपही होता की, वेडे.”

ती डोळे पुसत टाइप करायला बसली. दादाने वायर जागेवर लावली आणि खुर्ची जवळ ओढली.

“आणि त्याला विचार, पोरगी कुठली गोष्ट मागते?”