बर्फाखालची शीव

चुलीवरच्या मडक्याचं झाकण खडखडलं. बर्फ पडल्यापासून घरात आवाज असा तेवढाच. ब्रेनाने लापशी ढवळायला झाकण सारलं, तोच बाहेरून तिच्या धाकट्या भावाची हाक आली.

"ताये, भाच्याला आण की बाहेर! बघू तरी, माझ्यासारखा देखणा झालाय का!"

चार वर्षांच्या ऐसूला कडेवर घेऊन ती धावली. तालान खांद्यावर कोकरू घेऊन हसत उभा होता. तिचा सासरा कुनोव मात्र तालानच्या बर्फात उमटलेल्या पावलांकडे बघत होता. ती पावलं खड्ड्यांच्या ओळीवरून सरळ आली होती.

ती ओळ म्हणजे तिच्या सासर-माहेरच्या रानांमधली शीव, दोन्हीकडच्यांनी मिळून खणलेली. दोन खड्ड्यांमधल्या मातीवरून येईल तो पाहुणा. खड्डा ओलांडेल तो गुरं पळवणारा, त्याला जागीच मारायचं. पण यंदा खड्ड्यांतलं पाणी गोठलं, वर बर्फ साचला, आणि सगळा माळ सपाट झाला.

"मामंजी, चोर कधी कोकरू घेऊन येतो का?"

"सूनबाई, आत जा."

तिच्या नवऱ्याने, गोर्तने, एका पावलाखालचा बर्फ हरणाच्या शिंगाने खरवडला. तो माती लागायची वाट बघत होता. खाली हिरवट, कठीण बर्फ लागला. खड्डाच होता.

"बाबा, त्याला दिसला नसेल."

"तुझ्या थोरल्या भावालाही धुक्यात दिसला नव्हता. ह्याच्या माणसांनी सोडला त्याला?"

"म्हातारबुवा, पाय गारठलेत माझे," तालान म्हणाला. "आधी शेकू द्या, मग मारा."

म्हाताऱ्याने कुऱ्हाड उचलली. ब्रेना पोराला खाली ठेवून त्याच्या हाताला लोंबकळली. कोपर बसून तिचा ओठ फाटला, गोर्तने तिला मागे ओढलं. पहिला घाव तालानच्या खांद्यावर बसला. कोकरू रक्तात माखून पळालं. तालान गुडघ्यांवर आला, "ताये" म्हणाला, आणि दुसऱ्या घावाने त्याची कवटी फुटली. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी म्हाताऱ्याने तो घातला.

मग त्यांनी त्याच खड्ड्याचा बर्फ फोडला आणि त्याला पायांनी आत लोटलं. पाणी काठावर उसळलं.

ब्रेनाने पोराचे डोळे पदराने झाकले होते, पण फार उशिरा. त्याचे गार पाय ती तळव्यांत धरून चोळत राहिली. ऐसूने पदर बाजूला केला आणि पांढऱ्या माळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"आई, मामाने कुठून यायचं होतं?"