वीस हजार फुटांवरचं नवरात्र

आमच्या गिर्यारोहण क्लबात खोटं बोलायला बंदी होती. म्हणजे नाशकात काय वाटेल ते बोला, पण वर, तंबूत, रोज संध्याकाळी लीडर विचारणार: डोकं दुखतंय का, जेवलास का, पाणी प्यालास का. विरळ हवेचा त्रास डोक्यापासूनच सुरू होतो, म्हणून ज्याचं डोकं दुखेल त्याला सकाळी खाली पाठवायचं. नियम चांगला होता. त्यामुळे इतक्या वर्षांत आमच्यात कुणाचं डोकं कधी दुखलंच नाही.

१९९८ च्या मोहिमेचा लीडर सोमनाथ होता. सातपूरच्या एका कारखान्यात फोरमन, सरळ माणूस. शिखर हिमाचलातलं, वीस हजार फुटांच्या थोडं वर. धनराज हा आमच्यातला सगळ्यात भारी चढणारा. पिंपळगाव बसवंतचा, घरची द्राक्षबाग. आणि सविता, एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. क्लबातून हिमालयात निघालेली ती पहिली बाई. कमिटीतल्या अर्ध्या लोकांना ते पसंत नव्हतं. शेवटी असं ठरलं, की बाईमुळे मोहीम अडली तर पुढच्या वर्षीच्या मोठ्या मोहिमेला बाई न्यायची नाही. पुरुषांमुळे आमच्या मोहिमा अनेकदा अडल्या होत्या, पण त्यावरून पुरुष नेणं कुणी बंद केलं नव्हतं. मी बेस कॅम्पला स्वयंपाक सांभाळायला होतो, वरचं सगळं मला मागाहून कळलं.

आम्ही बेस कॅम्पला असतानाच घट बसले. धनराजच्या घरी नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास, पायात चप्पल नाही, आणि सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणं. बर्फात अनवाणी राहता येत नाही, एवढं धनराजने देवीच्या वतीने मान्य केलं. उपास मात्र सोडेना.

"जेवणार असशील तर वर चल," सोमनाथने त्याला सुनावलं, "नाहीतर इथंच बस आणि आरत्या म्हण."

"जेवेन दादा."

"घे देवीची शपथ."

"शपथ कशाला? शब्द देतो ना!"

खाली असताना त्याचं निभावलं. उकडलेले बटाटे होते, शेंगदाणे होते, घरून आणलेले राजगिऱ्याचे लाडू होते. लाडू पहिल्या कॅम्पला संपले. त्याच्या वर दलिया, नूडल्स आणि पाकिटातलं सूप, यातलं उपासाला काहीच चालत नाही. रोज संध्याकाळी सोमनाथ विचारी आणि धनराज सांगे, "दाबून जेवलो." तंबूत गुदमरतं म्हणून तो ताट घेऊन बाहेर जायचा आणि रिकामं ताट घेऊन आत यायचा. बर्फात काय पुरलं ते बर्फालाच ठाऊक.

अष्टमीच्या दिवशी धनराज आणि सविता एका दोरावर शिखराकडे निघाले. सोमनाथ वरच्या कॅम्पला मदतीसाठी थांबला. हवा स्वच्छ होती. शेवटची अरुंद धार तेवढी उरली होती आणि पुढे माथा स्पष्ट दिसत होता. तिथे धनराज बसला. उठला, थोडा चालला, पुन्हा बसला. त्याचे हात कापत होते आणि आपण कुठे आहोत हे त्याला नीट सांगता येत नव्हतं.

"तू जाऊन ये," तो म्हणाला. "मी बसतो इथं."

तिथे असा बसलेला माणूस पुन्हा उठत नाही, हे सविताला माहीत होतं. तिने माथ्याकडे एकदा पाहिलं. तिला रडू आलं, ती रडली आणि मग तिने दोर खालच्या दिशेला वळवला. उतरताना तो घसरला तेव्हा तिने हातातली बर्फकुऱ्हाड उतारात रोवून अंगावर दोर पेलला. मध्ये थांबून त्याच्या तोंडात खडीसाखर कोंबली. ती उपासाला चालते म्हणून की काय, त्याने गिळली.

खडीसाखरेने तो कॅम्पपर्यंत बराच सावरला. सोमनाथने विचारलं, "काय झालं?" सविता तोंड उघडायच्या आत धनराज बोलून मोकळा झाला.

"सविता दमली. म्हटलं, रिस्क नको."

"मी दमले नव्हते," सविता म्हणाली. "ह्यालाच उभं राहता येईना. मी आणलंय ह्याला."

सोमनाथने दोघांकडे पाहिलं. एका बाजूला क्लबातला सगळ्यात भारी गडी, तोही दाबून जेवलेला. दुसऱ्या बाजूला पहिल्यांदाच आलेली बाई. सरळ माणसं अशा वेळी सरळच चुकतात. "जाऊ दे, सुखरूप आलात ना," तो म्हणाला, आणि नाशकात कमिटीला त्याने धनराजचंच म्हणणं सांगितलं. सविता कमिटीपुढे जाऊन भांडली. कमिटीने तिला चहा पाजला आणि पुढच्या मोहिमेतून तिचं नाव काढलं. मला त्या चहाचा आजही राग येतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धनराजच्या आईने, पुतळाबाईंनी, पोरगा सुखरूप परतला म्हणून देवीच्या नावाने पुरणाचं जेवण घातलं. मोहिमेतल्या सगळ्यांना बोलावणं होतं. सविता यायला तयार नव्हती, पण "त्या पोरीला आणल्याबिगर येऊ नका" असा पुतळाबाईंचा निरोप होता. बागांची छाटणी चालू होती. आम्ही ओसरीवर पंगतीला बसलो. पुतळाबाई स्वतः पोळीवर तूप सोडत होत्या.

"लाजू नका, जेवा," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकानं नऊ दिवस आन्नाचा कण तोंडात घेतला नाय. बर्फात, बरं का! लाडू संपल्यावर निस्त्या चहापाण्यावर राह्यला. मला म्हनला, आई, दादाला जेवलो म्हनून सांगायचो, पन देवीला फशिवलं नाय. म्हनून तर देवीनं आणला."

धनराज पानात बघत होता. सोमनाथने हातातला घास खाली ठेवला.

"धनराज, वर दमलं कोण होतं?"

"मीच," धनराज म्हणाला. "सवितानं ओढत आणलं मला."

"मग तिचं नाव का घेतलंस? कमिटीनं पुढच्या मोहिमेतून काढलं तिला."

"उपासानं पडलो म्हणालो असतो, तर देवीचं नाव खराब झालं असतं, दादा."

"आन् हिचं झालं त्याचं काय?" पुतळाबाई कडाडल्या. त्या सविताजवळ आल्या. "बाई, खरं सांग. ह्याला सोडून गेली असतीस तर पोचली असतीस?"

अशा वेळी बायकांनी काय म्हणायचं हे आपल्याकडे ठरलेलं आहे. छे हो मावशी, कुठलं काय. पंगत त्याचीच वाट बघत होती.

"पोचले असते," सविता म्हणाली. "पण हा मेला असता."

पुतळाबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. मग वाकून लेकाच्या पुढचं वाढलेलं पान उचललं.

"आधी नाशकाला जा. त्या कमिटीला सांगून ये. मंग जेव."

देवीच्या जेवणातून पोटच्या पोराला उठवणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. धनराज उठला, त्याने हात धुतले आणि मोटरसायकल काढली. सोमनाथही पान तसंच ठेवून उठला आणि त्याच्या मागे जाऊन बसला. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं.

गाडी हायवेला लागल्याचा आवाज आला. पुतळाबाई डोळे पुसत पुन्हा वाढू लागल्या आणि सविताने आणखी एक पोळी मागून घेतली.