काचेच्या तारेतली देवी

मुलींच्या वसतिगृहासमोर सारं गाव लोटलं होतं. व्हरांड्यातल्या इंटरनेटच्या पेटीवर हिरवा दिवा होता. पेटीखाली चटईवर दहावीतली चंचल पडली होती. दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. एक झटका ओसरतो तोच दुसरा येत होता.

केशोराव बुवाने पेटीची बारीक पिवळी तार उचलली, लाल दोऱ्यासकट कडुलिंबाच्या काडीवर गच्च गुंडाळली आणि गरजला, "माय, हायेस का?"

हिरवा दिवा गेला, लाल पेटला. बायकांनी डोकी टेकली. बुवाने काडीवरची तार सैल सोडताच पुन्हा हिरवा!

"पाहा! तारेत बसली हाये. कायले खोदलं तिच्या मोहाच्या झाडाखाली? आता पोरीतून बोलून राहिली!"

मुलींना वसतिगृहातही धडे पाहता यावेत म्हणून शाळेपासून इथवर उन्हाळ्यात काचेची नवी तार पुरली होती. जुनी सारखी बंद पडायची. नव्या तारेचा चर देवीच्या मोहाच्या झाडाखालून गेला. सुटीत चंचलच्या मिरगीच्या गोळ्या चुकल्या आणि बंद झालेला झटका परतला. बुवाने तिच्या आईला, रुख्माबाईला, उरलेल्या गोळ्याही फेकायला लावल्या. औषधानं देवी कोंडते म्हणे!

मी शाळेत विज्ञान शिकवते. जीप घेऊन आले होते, पण माणसं आडवी उभी.

"रुख्माबाई, पोरगी जाईल हो!"

"मॅडम, देवी खवळली तं? दिवा डोळ्यानं पाहून राहिली मी!" ती ऊर बडवत होती. "काय करू? सांगा नं, काय करू?"

मी पेटीकडे पाहिलं. बुवाचा हात बटणाजवळ गेलाच नव्हता. मग नजर काडीवर गेली. तार बसवणारा माणूस बजावून गेला होता, "मैडम, इसको मोड़ना मत, लाइट रुक जाएगी."

मी तार ओढली आणि माझ्या पेनावर गच्च गुंडाळली. मंत्र नाही, दोरा नाही.

लाल!

"मॅडमच्या अंगात शिरली!" बुवा किंचाळला.

"अंगात कोणी नाही. या काचेतून उजेड धावतो. तार फार वळवली की तो बाहेर निसटतो, पेटीपर्यंत पोचत नाही."

गर्दीतून बुवाचाच चुलतभाऊ टिकाराम बोलला, "अरे, हा बुवा तं रायपूरकडे केबलवाल्याईसंगं कामाले होता!"

रुख्माबाईने माझ्या हातून पेन घेतलं. स्वतः तार गुंडाळली. लाल. सोडली. हिरवा. पुन्हा गुंडाळली. मग सारं टाकून ओरडली, "हटा! माह्या पोरीले जाऊ द्या!"

आम्ही चंचलला उचलून जीपमध्ये घातलं. वाटेत ती दोनदा निळी पडली. गोंदियाच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, पण आईला ओळखायला संध्याकाळ झाली. डावा हात अजून उचलला जात नाही. तो सुधारेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

"मीच फेकल्या गोळ्या," रुख्माबाई म्हणाली. तिची समजूत मला घालता आली नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. मिरगी हा मेंदूचा आजार आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी ती वस्तू आपल्या हातात मागा. देत नसेल, तर पोराला उचला आणि दवाखाना गाठा.