मुळेकाकांचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: मुळेकाकांचं विमान मुळेकाकांच्या हातून पडलं नाही, ते मी पाडलं. काकांची आठवण येते ती आधी वासाने येते, जळक्या एरंडेलाच्या गोडसर वासाने. आमच्या विमानांच्या चिमुकल्या इंजिनांच्या इंधनात एरंडेल असे, आणि तो वास काकांच्या सदऱ्यात, मिशीत, सायकलच्या मुठींतसुद्धा कायमचा वस्तीला आलेला होता. वासामागून येतो चैत्रातला प्रकाश, ऊन अजून कोवळं असतानाचा, आणि त्या प्रकाशात मान वर करून उभी असलेली त्यांची सडसडीत, किंचित बाकदार आकृती.

सांवेर रोडला, गहू निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतात, आम्ही रविवारी रेडिओवर चालणारी विमानं उडवायचो. आम्ही म्हणजे तिघं: वीज खात्यातून निवृत्त झालेले मुळेकाका, मल्हारगंजातले प्लायवुडवाले गोयलजी, आणि बँकेत चिकटलेला, या विद्येत सगळ्यांत कच्चा असा मी. काकांचे आजोबा होळकरांच्या घोडदळात स्वार होते. घरातला शेवटचा घोडा काकांच्या जन्माआधीच गेलेला, पण लगामाचं शहाणपण बोटांत उतरलेलं असावं. कारण विमानाबद्दल ते घोड्याच्याच भाषेत बोलत. "ओढू नकोस रे, तोंड फाटेल तिचं," माझ्या खांद्यामागून त्यांचा आवाज येई. "ढील दे. घरचा रस्ता तिला ठाऊक आहे." आणि माझं पहिलं विमान, पंख माथ्यावर मिरवणारं, खरोखरच तसं समजूतदार होतं. घाबरून हात सोडले तरी आपलं आपण सावरे आणि एखाद्या वयस्क घोडीसारखं आमच्या डोक्यावर संथ वर्तुळं घेत राही.

काका स्वतःचं विमान उडवत तेव्हा त्यांचे अंगठे हलताना दिसतच नसत. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून पारव्यांचा थवा वळतो, एकदम, कुणी न सांगता, तसं ते विमान वळे. पंखाच्या ताणलेल्या रेशमातून ऊन आरपार येई आणि क्षणभर आकाशात एक केशरी पान तरंगताना दिसे. त्या क्षणी काकांच्या ओठांवर जे येई त्याला हसू म्हणता येणार नाही. देवघरातली समई लावून झाल्यावर माणूस मागे सरतो ना, तसं काहीतरी.

मग माझं दुसरं विमान आलं. पंख पोटाशी, पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या. जिकडे कलवावं तिकडे कललेलंच राहणारं, सावरायचं ते आपणच. काकांनी त्याला पाहताक्षणी नाव दिलं, शिंगरू. गोयलजी म्हणाले, "क्या भिया, पहली से मन भर गया?" त्यावर काका, नजर विमानावरून न काढता: "गोयलजी, आप अपना देखो. आपका तो पहला ही अभी तक बबूल पे टंगा है."

माझा आणि काकांचा ट्रान्समीटर एकाच लहरीवर चाले. दोन्ही एका वेळी चालू झाले तर आकाशातलं विमान कुणाचंच ऐकत नाही. म्हणून आमचा नियम होता: कपडे वाळत घालायचा एक लाल चिमटा, तो ज्याच्या कॉलरला, त्यानेच बटण दाबायचं. त्या सकाळी चिमटा काकांच्या कॉलरला होता. मी बाभळीखाली, शेताकडे पाठ करून, शिंगरासमोर उकिडवा बसलो होतो. त्या पट्ट्या मी महिनोन् महिने घासल्या होत्या, जोडल्या होत्या; त्या हलताना मला पुन्हा एकदा पाहायच्या होत्या, बस. मी बटण दाबलं. पट्ट्या हलल्या. आणि माझ्या पाठीमागे आकाशात गुंजणारा तो एकसंध स्वर एकाएकी किंचाळत उंच चढला, आणि तुटला.

वळून पाहण्याआधी मी बटण बंद केलं. त्या दोन कृतींचा क्रम मला आजही सोसत नाही.

काकांनी तुकडे एकेक करून वेचले. मला वाटलं होतं ते संशयाने पाहतील, विचारतील. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "हात दगा देतोय रे अलीकडे," म्हणाले. गोयलजी म्हणाले, "अरे मुळेजी, होता है, हवा थी." हवा नव्हती. काकांनी कॉलरचा चिमटा काढून माझ्या कॉलरला लावला. "चल. तुझं शिंगरू काढ."

खरं सांगायचं तर ते उड्डाण सुंदर झालं. त्या भामट्या क्षणीही मी आनंदात होतो, आणि माझ्यामागे उभे असलेले काका माझ्याहून जास्त.

परत निघताना त्यांनी विचारलं, "ती म्हातारी घोडी मला देतोस? आता मला तीच झेपेल." मी दिली. पुढची कितीतरी वर्षं मी शिंगरावर, आणि ते माझ्या पहिल्या विमानावर, असे आम्ही आळीपाळीने उडत राहिलो, आणि लपवत नाही, ते समाधानाचे दिवस होते. घोडीला आकाशात सोडून ते हातातला ट्रान्समीटर जवळजवळ विसरून जात, पोह्यांवर जादा शेव मागत, गोयलजींना चिडवत. मात्र घरी त्यांनी वस्तरा ठेवून दिला, दाढी न्हाव्याकडे. काकूंच्या सुईत दोरा ओवून द्यायचे, तेही सोडलं. हात पूर्वीइतकाच स्थिर होता. ते मला दिसत होतं, आणि दरवेळी वाटे, पुढच्या रविवारी सांगू.

काका गेले. काळ माणसाला नेतो तेव्हा त्याच्याविषयीची खोटी गोष्टही सोबत नेईल, अशी माझी भाबडी समजूत होती; ती मागे राहते, घरच्यांच्या तोंडी मायेने वाढत जाते. काकू आल्यागेल्याला अजून सांगतात, "यांचा हात कापायला लागला ना, तेव्हापासून खचलेच हो ते." मी समोर बसलेला असतो, चहा घेत असतो, मान हलवतो.

काकूंना खरं सांगणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.