नऊ दहाचा धूर

काठी रेवणप्पाच्या पाठीवर पडत होती आणि ती वर्षाराणीच्या बापाच्या, ईश्वरप्पाच्या, हातात होती. त्याची सोयाबीनची गंजी जळून राख झाली होती. चुलतभाऊ रेवणप्पाशी त्याचं शेताच्या धुऱ्यावरून सात वर्षांचं भांडण. साडेनऊला रेवणप्पा देवळातल्या भजनातून उठला, दहाला गंजीतून जाळ निघाला. झालं! पुरावा कोर्टाला लागतो, गावाला नाही. दहा-बारा जणांनी त्याला घरातून फरफटत आणून पारासमोर आडवा केला होता. नाकातोंडातून रक्त येत होतं, एक हात उलटा वळला होता, तरी लाथा थांबत नव्हत्या.

वर्षाराणी अहमदपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि रात्री गच्चीवर छोट्या दुर्बिणीला कॅमेरा जोडून एका ताऱ्याचा उजेड मोजायची. त्याचा ग्रह समोरून सरकला की उजेड शंभरातला एक भाग उणा होतो. आज ग्रह सरकणार होता. नऊ वाजून दहा मिनिटांनी उजेड घसरला, तशी ती टाळ्या पिटत बसली. वेडीच! शेजारचे तारे तिनं तपासलेच नाहीत. ग्रह आडवा आला तर तो एकटा तारा मंदावतो. इथं सगळेच मंदावले होते. शेताच्या अंगानं आलेला धूर होता तो. गंजी आतून धुमसत होती, जाळ मागाहून दिसला. खालचा आरडाओरडा ऐकून तिनं फोटो पुन्हा पाहिले, तेव्हा हे तिच्या ध्यानात आलं.

लॅपटॉप छातीशी धरून ती गर्दीत घुसली. "मारू नका! काकानं पेटवली न्हाई! फोटोवर टाइम हाय, नऊ दहाला धूर हाय. काका तवा देवळात झांज वाजवून राहिले होते, तुमच्याच समोर!"

लाथा थांबल्या. रेवणप्पाच्या पोराला, मल्लेशला, दोघांनी भिंतीशी दाबून धरलं होतं. तो ओरडला, "मग शेतात कोण होतं गं?"

"वर्षे, घरात जा!" ईश्वरप्पा खेकसला.

"अप्पा, साडेआठला तुमी गेलता. बिडी प्यायला."

मठातल्या स्वामींसमोर बिडी सोडण्याची शपथ घेतलेला माणूस. त्याचा हात नकळत बिडीच्या खिशावर गेला. खाई त्याला खवखवे, म्हणूनच सगळ्यांत पहिली काठी त्यानं उचलली होती.

मल्लेशनं हिसडा मारला, बापाला झोडपणारी काठी ओढून घेतली आणि ईश्वरप्पाच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो रेवणप्पाच्या शेजारीच कोसळला आणि मघाचेच पाय आता त्याच्या बरगड्यांत बसू लागले.

"वर्षे, खोटं हाय म्हण! बघण्यात चुकलं म्हण! बाप हाय मी तुझा!"

एका शब्दानं बाप वाचला असता. पण मग तेच पाय हातभर अंतरावरच्या रेवणप्पाकडे वळले असते आणि त्याचा श्वास आधीच अडकत होता.

"खरं हाय, अप्पा," ती म्हणाली आणि बापाच्या अंगावर पालथी पडली. पुढची काठी तिच्या पाठीत बसली.