कपाटातल्या फुटबॉलचं मनोगत

शाळेतली मनोगतं कशी असतात, तुम्हाला ठाऊकच आहे. फाटकं पुस्तक असो नाहीतर मोडकी छत्री, बिचाऱ्यांनी जन्मभर मुकाट सोसायचं आणि शेवटी "बाळांनो, माझी काळजी घ्या" म्हणून डोळे मिटायचे. निशानं फुटबॉल निवडला आणि तिथंच घोळ झाला.

पोरगी फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेतली. शाळेनं दोन वर्षांपूर्वी खास मुलींसाठी फुटबॉल आणला होता. पाहुण्यांनी त्याला हार घातला, फोटो निघाले आणि तो कपाटात गेला तो गेलाच. मुलींनी मागितला की "खराब होईल" हे उत्तर ठरलेलं. पोरं ग्राउंडवर धुडगूस घालायची आणि पोरींनी कडेला बसून टाळ्या पिटायच्या! निशाचं डोकं नुसतं तापायचं. तिला तो चेंडू बाहेर हवा होता, बस.

अशात मराठीच्या माने सरांनी चेतनगुणोक्ती शिकवायला घेतली. "निर्जीव वस्तूत जीव ओता. ती माणसासारखी बोलली पाहिजे. ज्याचं मनोगत उत्तम, तो ते गॅदरिंगला वाचणार." निशानं लिहिलं:

"मी फुटबॉल. माझ्या गळ्यात हार घातला आणि मला कोंडलं. माझा गुन्हा काय, ते तरी सांगा. बाहेर गोल झाला की ओरडा ऐकू येतो आणि हितं माझा जीव वरखाली होतोय. लाथा मारा, चिखलात लोळवा, पण बाहेर काढा."

सर वाचताना हसले आणि मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"लिहिलंयस झकास. पण एवढा उर्मट? जरा नम्र कर त्याला. शाळेचे आभार मानू दे. आणि शेवटी काळजी घ्या, ते आलंच पाहिजे."

"त्याला कोंडलंय सर. त्यो आभार कशाचं मानंल?"

"अगं, चेंडू आहे तो!"

"मग जीव कशाला ओतायला लावला?"

सरांनी आवाज चढवला. "बदललंस तर वाचशील. नाहीतर धैर्यशीलची छत्री तयार आहे."

"मी बदलत न्हाय," निशा म्हणाली. वर्गाबाहेर आल्यावर मात्र तिला रडू फुटलं. स्टेज हातचं गेलं होतं, वाईट वाटणारच की.

गॅदरिंगला अर्धी पेठ लोटली होती. धैर्यशीलच्या छत्रीनं गळा काढला, काळजी घ्या म्हणाली, टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत निशा खुर्चीवर चढली. तिला माईक कशाला लागतोय!

"मी फुटबॉल!"

मंडपातल्या माना वळल्या. एक शब्द न गाळता तिनं सगळं म्हटलं. माने सर "खाली बस, खाली बस" म्हणून हात हलवत राहिले. शेवटच्या "बाहेर काढा"ला मागनं तिचा बा, शिरोलीच्या फौंड्रीतल्या कामावरनं तसाच आलेला कृष्णात, गरजला, "आरं काढा की मग बाहेर!" पेठच ती, फुटबॉल म्हटल्यावर गप्प बसतेय व्हय? एकच गिल्ला झाला. मुख्याध्यापक बाई लाजेनं लाल झाल्या आणि उद्या सकाळी कपाट उघडू, असं त्यांना सगळ्यांदेखत कबूल करावं लागलं.

सकाळी कुलूप निघालं. हवा जाऊन चेंडू पार बसला होता, वर बोटभर धूळ.

"घे," माने सर कुजकट हसले. "आता बोलतोय का बघ."

निशानं चेंडू काखेत मारला आणि वर्गातल्या सगळ्या पोरी मागं घेऊन ती कोपऱ्यावरच्या ज्ञानूच्या सायकल दुकानात गेली.

"कुणाचा गं ह्यो?" ज्ञानूनं पंप काढत विचारलं.

"आमचा," निशा म्हणाली. "जरा गच्च भरा काका. आज लई लाथा खायच्यात त्याला."